कारणं, परिणाम आणि कुसुममावशी

"रड, पण हलू नकोस."

कुसुममावशींच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आम्ही डोंबिवलीत नव्यानेच राहायला आलो होतो. अर्धं सामान जिन्यात होतं आणि माझी मुलगी गार्गी कपाटाच्या उघड्या दारावर आपटून हनुवटी फोडून घेऊन बसली होती. मी घाबरून नुसतीच "पाणी आणा, पाणी आणा" करत होते. तेवढ्यात तळमजल्यावरचं दार उघडलं. पांढऱ्या सुती साडीतल्या, ताठ चालणाऱ्या एक बाई बाहेर आल्या, गार्गीसमोर पायरीवर बसल्या, एका हाताने तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने जखमेवर स्वच्छ फडक्याची घडी दाबली. गार्गीने भोकाड पसरलं, तेव्हा त्या हे म्हणाल्या. आणि लगेच विचारलं, "नाव काय तुझं? पूर्ण सांग." हुंदके देत देत गार्गीने स्वतःचं नाव, बाबांचं नाव, आडनाव सांगितलं. तोवर रक्त थांबलं होतं.

नाव विचारण्याची त्यांची सवय पुढे सगळ्यांच्या ओळखीची झाली. "दुखावलेल्या माणसाला आधी नाव विचारायचं," त्या सांगायच्या. "नाव सांगता सांगता तो जरा स्वतःकडे परत येतो. आणि आपल्यालाही माणूस दिसतो, नाहीतर नुसती जखम दिसते." टीव्हीवर कुठल्याही देशातल्या युद्धाची बातमी लागली आणि खाली 'इतके ठार' अशी पट्टी सरकू लागली की त्या पडद्याकडे बघून म्हणायच्या, "नावं सांगा की." नावं कोणी सांगत नसे. मग त्या टीव्ही बंद करून टाकत.

कुसुम साटम हे त्यांचं नाव. मूळच्या देवगडकडच्या. सैन्यात नर्स होत्या आणि मेजर होऊन निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ कल्याणला राहायचा, म्हणून त्यांनी डोंबिवलीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. भाऊ पुढे वारला, या इथेच राहिल्या. सोसायटीतली मुलं त्यांना 'मेजर आजी' म्हणत आणि दिसल्या की सलाम ठोकत. मावशी हसून मान हलवायच्या, पण उलट सलाम कधी करायच्या नाहीत. त्यांच्या भिंतीवर गणवेशातला एकही फोटो नव्हता. होती ती आंब्याच्या पेटीच्या फळ्यांची एक मांडणी, तिच्यावर औषधं आणि गावाहून आलेली कोकमं.

एका वर्षी पंधरा ऑगस्टला पाटकरांनी त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. पाटकर आमचे सेक्रेटरी. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणाच्या घरी पाण्याची मोटर बिघडली तरी स्वतः धावणारे, मनाने चांगले. भाषणंही त्यांना मनापासून आवडायची. "मावशी, एकाहत्तरच्या युद्धातला एखादा थरारक अनुभव सांगा," त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. "पोरांना प्रेरणा मिळेल."

मावशींनी सांगितलं ते असं. त्या उत्तरेकडच्या एका लष्करी इस्पितळात होत्या. थंडीचे दिवस. खाटा संपल्या म्हणून व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या. तिथे आपला एक जवान होता, नायक हुद्द्याचा, साताऱ्याकडचा, त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. त्याच्या शेजारी, दुसरीकडे जागाच नव्हती म्हणून, कैद झालेला पलीकडचा एक शिपाई आणून ठेवला. त्याचा उजवा पाय गेलेला. दोन दिवस दोघं एकमेकांकडे पाठ करून पडून होते. तिसऱ्या दिवशी नायकाने मावशींना हाक मारली. म्हणाला, "सिस्टर, याला विचारा, चपलेचा नंबर काय?" विचारलं. दोघांचा नंबर एकच निघाला. नायक म्हणाला, "मग झालं की. एका जोडात दोघांचं भागेल." दुभाष्या लागलाच नाही. तो शिपाई आधी हसला, मग नायक हसला, मग अख्खा व्हरांडा हसला, आणि मावशी म्हणाल्या, "हसता हसता ते दोघं इतके रडले की मला टाके बघायला लागले."

एवढं सांगून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणाला कळेना. पाटकर खाकरले, माइक हातात घेऊन म्हणाले, "अतिशय... हृदयस्पर्शी. आता सगळ्यांनी वडापाव घेऊनच जायचंय." पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून एक नगरसेवक आले. मला ते खटकलं. मावशींना खटकलं नाही. "चहा चांगला होता गो त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

मी नौपाड्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. युद्धांच्या धड्याखालचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच: युद्धाची कारणे लिहा, युद्धाचे परिणाम लिहा. एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी मावशींकडे बसले होते. मीठ-मिरची लावलेल्या पेरूचं ताट मध्ये होतं. त्यांनी एक उत्तरपत्रिका उचलली, चष्मा पुढे घेऊन वाचली आणि विचारलं, "कारणं आहेत, परिणाम आहेत. मधलं कुठेय?"

"मधलं म्हणजे?"

"कारणं झाली आणि परिणाम झाले, त्याच्या मध्ये जे झालं ते. आम्ही होतो ना तिथे."

मला हसू आलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात त्या चपलेच्या जोडाची गोष्ट सांगितली. एका मुलीने हात वर केला. "टीचर, मग ती चप्पल शेवटी कोणी घेतली?" संध्याकाळी मी तोच प्रश्न मावशींना विचारला. "नायक बरा होऊन दुसरीकडे गेला. त्याला लाकडी पाय बसवायचा होता. तो दुसरा पुढे कैद्यांच्या छावणीत गेला. चप्पल आली होती की नाही तेच आता मला आठवत नाही बघ. जे मी कोणाला तरी सांगितलं तेवढंच माझ्याकडे राहिलंय. सांगितलं नाही ते गेलं."

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो इतकी वर्षं शिकवताना मला सतावत आलाय. इतकं सगळं लिहून ठेवलेलं असताना, पुतळे उभे असताना, माणसं दर वेळी पहिल्यापासून का सुरुवात करतात?

त्या दिवशीही पेरू होते; त्या बिया दातांतून काढत होत्या. म्हणाल्या, "मी सांगते तुला माझंच. युद्ध जाहीर झालं तेव्हा आम्ही नर्सेस मेसमध्ये रेडिओला कान लावून बसलेलो. बातमी आली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरी आम्ही, उड्या मारल्या. आमच्या मेट्रन होत्या, त्यांनी पासष्टचं युद्ध बघितलेलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि चादरी मोजायला लागल्या. आम्ही एकमेकींना कोपर मारलं. म्हटलं, म्हातारीला काही उत्साह नाही." त्यांनी हातातली फोड ताटात परत ठेवली. "आठवड्याभरात चादरी संपल्या. मधे फक्त सहा वर्षं गेलेली. त्यांना ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं. त्यांनी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं."

"पण का?"

"दुखणं लक्षात राहत नाही गो. दुखलं होतं, एवढंच राहतं. बाई दुसऱ्यांदा बाळंतपणाला तयार होते ती उगाच? शरीराला विसरावंच लागतं, नाहीतर माणूस जगणार कसा? मग पुढच्याला देताना आपल्याकडे नुसते शब्द उरतात. शब्दांनी कोणाला टाके पडत नाहीत."

त्यांचं हे मला तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं. विसरणं म्हणजे निष्काळजीपणा, असंच मी शिकवत आले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून भांडतो. त्या आठवड्यात सगळे एक झाले. नकाशे यायला लागले, बाण काढलेले. कोणी लिहिलं, "या वेळी पूर्णच विषय संपवा." त्याखाली अंगठ्यांची रांग. सगळ्यात जास्त मेसेज पाटकरांचे. त्यांचा जावई निखिल सैन्यात कॅप्टन आणि त्याच भागात कुठेतरी. कुठे, ते घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे पाटकर रस्त्यात दिसले तरी लोक थांबून हात मिळवायचे. "पाटकर, छाती फुगली असेल ना!" आणि त्यांची खरंच फुगायची.

त्यांची मुलगी नेहा आठव्या महिन्यात माहेरी आली होती. पाटकरांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात बाईमाणूस कोणी नव्हतं. निखिलचा फोन बंद येत होता. पहिल्या दिवशी नेहा सगळ्यांशी हसून बोलली. दुसऱ्या दिवशी तिने दार लावून घेतलं. मावशींनी हे कोणाला न विचारता ओळखलं आणि त्या दुसऱ्या मजल्यावर पाटकरांच्या घरी जायला लागल्या. गुडघे धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. सकाळी जायच्या, संध्याकाळी उतरायच्या. मी एकदा विचारलं, "काय बोलता तिच्याशी?" तर म्हणाल्या, "काही नाही. मी लोकर विणते, ती भिंतीकडे बघते."

त्या रविवारी दुपारी कसलीशी मोठी बातमी आली. खरी की खोटी, नंतरही कळलं नाही. पण बातमी येताच चार-पाच घरांतली माणसं गच्चीवर गेली, ढोल आला, आणि गणपतीचे उरलेले फटाके कोणीतरी बाहेर काढले. मीही वर गेले होते. खोटं कशाला बोलू, ढोल वाजायला लागला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पाटकरांना लोकांनी खांद्यावर घेतलं. ते लाल झाले होते, घोषणा देत होते.

एवढ्यात जिन्याच्या दारात मावशी दिसल्या. इतके मजले चढून त्यांना धाप लागली होती. कठड्याला धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, काहीतरी सुनावणार. ढोल आपोआप हळू झाला.

"पाटकर, जरा खाली येता का?" एवढंच त्या म्हणाल्या.

"मावशी, पाच मिनिटं. अहो, आज..."

"नेहा एकटी आहे. या."

पाटकर उतरले. त्यांच्या मागोमाग मीही गेले. नेहा पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हातांनी गादी धरून. मावशींनी पाटकरांना तिच्याजवळ बसवलं आणि त्यांचा तळवा नेहाच्या पोटावर ठेवला. "इथे धरा," त्या म्हणाल्या. पाटकर अवघडले. मुलीच्या पोटाला असा हात लावायची त्यांना सवय नव्हती. तेवढ्यात वर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. तो आवाज इमारतीच्या भिंतींतून खाली आला. नेहाने डोळे घट्ट मिटले. तिचा आवाज निघाला नाही, पण पाटकरांच्या हाताखाली तिचं पोट दगडासारखं झालं. मला ते पाटकरांच्या चेहऱ्यावर दिसलं.

माळ संपेपर्यंत ते तसेच बसले. मग नेहा म्हणाली, "बाबा, मला प्रत्येक आवाजाला वाटतं, हा तोच."

पाटकर उठले, गच्चीवर गेले. वर काय बोलले मला माहीत नाही. पण ढोल थांबला, आणि थोड्या वेळाने जिन्यातून माणसं खालमानेने आपापल्या घरी गेली. पाटकर संध्याकाळपर्यंत नेहाजवळ बसून होते. मावशींनी भात-आमटी केली आणि दोघांना वाढली. मी मावशींना म्हटलं, "तुम्ही त्यांना वर सगळ्यांसमोर चार शब्द ऐकवायला हवे होते." त्या म्हणाल्या, "कशाला? तो घाबरलेला होता गो. भ्यालेला माणूस फार ओरडतो. आमच्या वॉर्डात हेच असायचं."

दोन दिवसांनी तोफा थांबल्या. त्यानंतर निखिलचा फोन आला. नेहा फोनवर बोललीच नाही, नुसती रडली, आणि पलीकडून तो बहुतेक 'हॅलो, हॅलो' करत राहिला असावा. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मुलगी दोन महिन्यांची व्हायच्या आतच पाटकर ग्रुपवर पुन्हा नकाशे टाकायला लागले. 'अर्धवट सोडलं, पूर्ण करायला हवं होतं,' असा एक मेसेज त्यांनी पुढे पाठवला. मी संतापले. फोन घेऊन मावशींकडे गेले. "हा माणूस तुमच्यासमोर त्या खोलीत बसला होता! त्याच्या हाताखाली..."

मावशींनी मेसेज वाचला आणि फोन परत दिला. "आता त्याला झोप लागते," त्या म्हणाल्या. "तेव्हा लागत नव्हती."

"म्हणजे विसरला ते बरोबरच?"

"बरोबर कोण म्हणतंय? पण मला राग नाही येत. त्याच्या हाताला तेव्हा लागलं ते आता जाणवतच नसेल. मला तरी त्या व्हरांड्याचा वास कुठे आठवतो? वास यायचा एवढं आठवतं."

"मग उपयोग काय झाला तुमच्या चार जिने चढण्याचा?"

"त्या दिवशी फटाके थांबले," मावशी म्हणाल्या. "पोरीला बरं वाटलं. तेवढ्यासाठीच गेलेले मी."

निखिलच्या रजेसाठी थांबवलेल्या बारशाला तो आला. सोसायटीच्या हॉलमध्ये पुरुषांनी त्याला घेरलं. "सर, एक्झॅक्टली काय झालेलं? आपण किती आत गेलेलो?" उंच, सडपातळ पोरगा. प्रत्येकाला तेच ठरलेलं उत्तर देत होता, हसत होता, फोटोला उभा राहत होता. जेवणं झाल्यावर तो मावशींच्या पाया पडायला त्यांच्या घरी गेला. नेहाने सांगितलं होतं म्हणून. मला वाटलं, पाच मिनिटांत येईल. दिवेलागणीला तो बाहेर आला. डोळे लाल होते. जिन्यात मी भेटले तर म्हणाला, "काकू, रुमाल आहे का?"

नंतर मी मावशींना विचारलं, काय बोलला? त्या भांडी घासत होत्या. "दोन वेळा चहा प्यायला."

"आणि?"

"त्याच्या माणसांची नावं सांगितली त्याने. एकेकाची, पूर्ण. मी ऐकली." मग त्यांनी पुढचं भांडं घासायला घेतलं. त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो हॉलमध्ये सांगत नाही. त्याला समोर असा माणूस लागतो, ज्याला पुढे काय येणार हे ठाऊक असतं. असा माणूस प्रत्येक इमारतीत नसतो. मधलं पुस्तकात का येत नाही, त्याचं मला तरी एवढंच उत्तर सापडलं आहे.

थंडीत मावशींना न्यूमोनिया झाला. कल्याणच्या एका इस्पितळात चार-पाच दिवस होत्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. सिस्टरने लावलेली सलाईन नीट आहे का ते बघत, आणि तिला "छान टोचलीस हो" म्हणत. शेवटच्या संध्याकाळी मी जवळ होते. त्यांनी काही संदेश वगैरे दिला नाही. चादर पायांवरून सरकली होती ती नीट करायला सांगितली. पहाटे गेल्या.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. सगळे आले होते. पाटकरांनी मनापासून तयारी केली होती, हार आणला होता, गणवेशातला एक जुना फोटो मावशींच्या कल्याणच्या भाच्याकडून मिळवून मोठा करून घेतला होता. त्यांनी श्रद्धांजलीचा मजकूर वाचायला घेतला. "शत्रूला धडा शिकवणाऱ्या रणरागिणी, वीरांगना मेजर कुसुम साटम..."

"बाबा," नेहा मागच्या रांगेतून म्हणाली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून ती हळूच उठली. "त्यांनी कोणाला धडा नाही शिकवला हो. त्यांच्या वॉर्डात तर शत्रूचा माणूसही होता. त्याचे टाके पण त्यांनीच बघितलेले."

मला वाटलं, पाटकर चिडतील. ते हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माइकसमोर, सगळ्यांदेखत, ती ओळ खोडली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"मग काय लिहू, तू सांग," ते म्हणाले.

"नर्स होत्या, असं लिहा," नेहा म्हणाली.